टीव्हीसमोर घाम गाळायचा असेल तर

मूल गेम सोडायला तयार नाही, मग निदान हातपाय हलवायला लावणारा गेम तरी आणून द्यावा का? हा प्रश्न हल्ली बऱ्याच घरांत निघतो. मोठ्यांचं दुखणं थोडं वेगळं असतं. जिमची वर्षाची फी भरायची आणि दोन महिन्यांत जाणं थांबायचं; जून लागला की सकाळचं फिरणं बुडायचं. अशा वेळी टीव्हीसमोर उभं राहून खेळता खेळता व्यायाम झाला तर काय वाईट?

काहीच वाईट नाही. माझं मत तर असं आहे की ज्यांना व्यायामाचा मनापासून कंटाळा आहे त्यांच्यासाठी हा मार्ग फार मोलाचा ठरू शकतो. फक्त पैसे मोजण्याआधी एक गोष्ट तपासून घ्यायला हवी: तो खेळ तुमच्या शरीराचा नेमका कोणता भाग मोजतो? कारण खेळ जेवढं मोजतो तेवढंच शरीर करतं. जे मोजलं जात नाही ते आपण चार-आठ दिवसांत आपसूक सोडून देतो. यात आळशीपणाचा भाग नसतो. कमी कष्टात तेच काम उरकायला शिकणं हा शरीराचा स्वभावच आहे, आणि गेममध्ये 'तेच काम' म्हणजे पडद्यावर गुण मिळवणं.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे निन्टेन्डो या जपानी कंपनीचा वी. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये हा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, बाजारात आला आणि जगभर लोक दिवाणखान्यात टेनिस, बोलिंग, बॉक्सिंग खेळू लागले. हातात टीव्हीच्या रिमोटसारखं एक यंत्र धरायचं आणि रॅकेटसारखं फिरवायचं. माझ्या भाच्याकडे तो होता. सुरुवातीला तो चटईच्या मधोमध उभा राहायचा, एक पाऊल मागे टाकायचा आणि खांद्यापासून हात फिरवून फटका मारायचा. केस घामानं कपाळाला चिकटलेले असायचे. नंतर पाहिलं तर स्वारी सोफ्यावर मांडी घालून बसलेली, एका हातात चकलीचा तुकडा, दुसऱ्या हाताच्या मनगटाला जेमतेम एक झटका, आणि पडद्यावर तसाच सणसणीत फोरहँड.

भाच्यानं फसवणूक केली असं मला वाटत नाही. त्या रिमोटच्या आत नखाएवढी एक चिप असते, तिला ॲक्सेलरोमीटर म्हणतात. त्यात डोळ्यांना न दिसणारं एक वजन सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेलं असतं. रिमोटला हिसका बसला की ते वजन किंचित सरकतं, आणि किती सरकलं यावरून यंत्राला हिसक्याची दिशा आणि जोर कळतो. एवढंच कळतं. तो हिसका खांद्यातून आला, कमरेतून आला की नुसत्या मनगटातून, हे त्याला समजायला मार्ग नाही. पाय तर त्याच्या लेखी अस्तित्वातच नाहीत. पुढे २००९ मध्ये रिमोटला एक जोड आली, तिच्यात वळण मोजणारा जायरोस्कोप होता, म्हणून मनगटाचा कोन अधिक बरोबर कळू लागला. पाय तरीही अदृश्यच राहिले.

आता यातून व्यायाम किती होतो? श्रम मोजायचं एक सोपं माप आहे, त्याला मेट म्हणतात. शांत बसलेलं असताना शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं ते १ मेट. ३ च्या खाली हलका श्रम, ३ ते ६ च्या दरम्यान मध्यम, ६ आणि त्यापुढे जोरकस. झपाझप चालणं साधारण ४ च्या आसपास पडतं. वीच्या खेळांचं मोजमाप जपानमधल्या संशोधकांनी फार काटेकोरपणे केलं. माणसाला एका बंद खोलीत खेळायला लावायचं आणि त्या खोलीतला प्राणवायू किती वापरला गेला हे पाहायचं. २०१० मध्ये त्यांचे आकडे प्रसिद्ध झाले: गोल्फ २, बोलिंग २.६, टेनिस आणि बेसबॉल ३, बॉक्सिंग ४.२. तपासलेल्या ६८ हालचालींपैकी ४६ हलक्या निघाल्या, २२ मध्यम, आणि जोरकस एकही नाही.

मेटला आपल्या वजनानं (किलोमध्ये) आणि तासांनी गुणलं की कॅलरींचा अंदाज येतो. ६० किलोच्या माणसानं अर्धा तास बोलिंग खेळलं तर २.६ गुणिले ६० गुणिले अर्धा, म्हणजे ७८ कॅलरी. त्यातल्या ३० तर नुसतं बसूनही खर्च झाल्याच असत्या. अर्धा तास बॉक्सिंग केलं तर १२६. म्हणजे कन्सोल तोच, माणूस तोच, तरी खेळ बदलला तर बसण्यापेक्षा जास्तीचा खर्च ४८ वरून ९६ वर, थेट दुप्पट होतो. म्हणून 'गेमनं व्यायाम होतो का' असं सरसकट विचारण्यात अर्थ नाही. कोणता गेम, आणि कसा खेळलेला, हे विचारलं पाहिजे.

पायांना कामाला लावणारे खेळ वीच्या आधीपासून होते. जपानच्या कोनामी कंपनीनं १९९८ मध्ये डान्स डान्स रेव्होल्यूशन हे यंत्र गेम पार्लरमध्ये आणलं. पायाखाली चार बाणांचा मंच असतो, पडद्यावर बाण सरकत येतात आणि गाण्याच्या ठेक्यावर त्या त्या बाणावर पाय पडला पाहिजे. इथे पायाला पर्यायच नाही. गाणं जलद झालं की सगळं शरीर उचलून टाकावं लागतं, दोन मिनिटांत धाप लागते. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यानं २००६ मध्ये तर आपल्या सगळ्या सरकारी शाळांत व्यायामाच्या तासाला हा खेळ आणायची योजना जाहीर केली. मैदानी खेळात मागे पडणारी, लाजणारी मुलंही यात उतरतील ही त्यामागची आशा होती. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. पीटीच्या तासाला शेवटी निवडल्या जाणाऱ्या मुलाला काय वाटतं हे ज्यानं अनुभवलंय त्याला यातलं मर्म लगेच कळेल.

या मंचातही एक पळवाट आहेच. पार्लरमधल्या यंत्राला मागे एक दांडी असते. कसलेले खेळाडू तिच्यावर भार टाकून नुसते पाय नाचवतात. घरी मिळणाऱ्या पातळ रबरी चटईला दांडी नसते, पण ती आपल्याकडच्या गुळगुळीत लादीवर सरकते. खाली घसरणविरोधी जाळी अंथरल्याशिवाय तिच्यावर उडी मारू नये.

निन्टेन्डोनं २००७ च्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये वी फिट हा वीवरचा व्यायामाचा खेळ काढला, त्यासोबत येणारा बॅलन्स बोर्ड मला त्या काळातलं सगळ्यात हुशार उपकरण वाटतो. दिसायला वजनकाटाच. पण चार कोपऱ्यांत चार वजन मोजणारे सेन्सर असल्यामुळे शरीराचा भार कुठल्या पायावर, पंजावर की टाचेवर आहे हे क्षणोक्षणी कळतं. एका पायावर उभं राहताना घोटा कसा थरथरतो ते पडद्यावर एका लाल ठिपक्याच्या रूपात दिसतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१० मध्ये हा बोर्ड प्रयोगशाळेतल्या महागड्या मापनमंचाशी ताडून पाहिला, तर तोल मोजण्यात तो विश्वासार्ह निघाला. त्यानंतर फिजिओथेरपीत त्याचा बराच वापर झाला. यावर घाम फारसा येत नाही. पण म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत घामापेक्षा तोल जास्त मोलाचा असतो. एकदा पडून खुब्याचं हाड मोडलं की पुढचं सगळंच बदलतं.

मायक्रोसॉफ्टच्या कायनेक्टनं २०१० मध्ये हातातलं यंत्रच काढून टाकलं. टीव्हीजवळ ठेवायच्या त्याच्या पट्टीतून अदृश्य अवरक्त किरणांचे हजारो ठिपके खोलीभर पडतात, माणसाच्या अंगावर ते ठिपके कसे सरकले हे कॅमेरा पाहतो आणि त्यावरून शरीराच्या २० सांध्यांचा सांगाडा रचतो. सोफ्यावर बसून मनगट झटकायची सोय संपली. पण त्याला समोर जागा लागायची: एकट्याला सुमारे ६ फूट, दोघांना ८ फूट. सोफा, टीपॉय आणि शोकेस असलेल्या वन-बीएचकेच्या हॉलमध्ये ८ फूट मोकळे कुठून आणायचे? हे उपकरण २०१७ मध्ये बंद झालं. आज तेच काम फोनचा साधा कॅमेरा करू पाहतो. गूगलच्या मीडियापाइपसारखी प्रणाली चित्रातून शरीरावरचे ३३ बिंदू ओळखते, त्यामुळे बैठका मोजणारे, उड्या मारायला लावणारे गेम फोनवर चालतात. स्वस्त सुरुवात करायची असेल तर हाच रस्ता. फोन असा टेकवा की डोक्यापासून पावलांपर्यंत सगळं दिसेल, आणि खिडकी तुमच्या पाठीमागे नको, नाहीतर कॅमेऱ्याला नुसती काळी आकृती दिसते.

आता रिंग फिट ॲडव्हेंचरबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण घरातल्या व्यायामाचा विचार इतक्या बारकाईनं केलेला दुसरा खेळ माझ्या पाहण्यात नाही. तो ऑक्टोबर २०१९ मध्ये स्विच या निन्टेन्डोच्या कन्सोलवर आला आणि काही महिन्यांत कोरोनामुळे लोक घरात अडकले, तेव्हा अनेक देशांत दुकानांतून तो मिळेनासा झाला. डाव्या मांडीला एक पट्टा बांधायचा, त्याच्या खिशात एक कंट्रोलर. दुसरा कंट्रोलर एका लवचिक कड्यात बसवायचा. हे कडं साधारण स्टिअरिंगएवढं. दोन्ही हातांनी दाबलं की आत वाकतं, ओढलं की ताणतं, आणि आतला ताणमापक किती जोर लावला ते सांगतो.

पडद्यावर तुमचं पात्र पळतं, ते तुम्ही जागच्या जागी पळाल तरच. मांडी किती उचलली हे पट्ट्याला कळतं. वाटेत राक्षस आडवा आला की त्याला मारायला व्यायाम निवडायचा: बैठका, हात वर करून कडं दाबणं, पाठीवर झोपून पाय उचलणं, नाहीतर योगासन. बैठक घेताना खालच्या टोकाला खेळ तुम्हाला थांबवून धरतो, आणि त्या दोन-तीन क्षणांत मांड्या अक्षरशः पेटतात. त्यातली मला सगळ्यात आवडलेली युक्ती रंगांची आहे. हातांचे व्यायाम लाल, पायांचे निळे, पोटाचे पिवळे, योगाचे हिरवे. पुढच्या टप्प्यांत राक्षसांनाही रंग येतात आणि त्याच रंगाचा व्यायाम केला तर वार जोरात बसतो. म्हणजे ज्याला फक्त हात चालवायला आवडतात त्यालाही लढाई जिंकण्यासाठी पोट आणि पाय कामाला लावावे लागतात. नावडता व्यायाम करून घ्यायची इतकी प्रेमळ रीत क्वचित पाहायला मिळते. शिवाय पळण्याच्या जागी गुडघे हलके वाकवायचा एक शांत पर्याय आहे, त्यामुळे खालच्या मजल्यावरचे काका वर येत नाहीत.

दुखण्यावर त्याचा उपयोग होतो का, हेही तपासलं गेलंय. जपानमध्ये जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांवर झालेल्या एका छोट्या चाचणीत, आठवड्यातून एकदा ४० मिनिटं असं ८ आठवडे खेळणाऱ्यांचं दुखणं कमी झालं. चाचणी ४० जणांचीच होती, त्यामुळे त्यावरून फार मोठी विधानं करायला नकोत. पण दिशा आशेची आहे.

तरी तोच प्रश्न इथेही विचारू या: काय मोजलं जातं? हात आणि डावी मांडी. गुडघे आणि पाठ या यंत्राला दिसत नाहीत. बैठक घेताना गुडघे आतल्या बाजूला झुकले, पाठ कमानीसारखी वाकली, तरी मांडीचा कोन बरोबर आला की पडद्यावर शाबासकी मिळते. म्हणून सुरुवातीचे काही दिवस बाजूला आरसा ठेवा, किंवा घरातल्या कुणाला तरी नुसतं पाहत बसायला सांगा. 'आई, तुझा गुडघा आत जातोय' हे सांगायला अजून तरी माणूसच लागतो.

डोक्याला चढवायच्या, आभासी जग दाखवणाऱ्या व्हीआर चष्म्याचं गणित वेगळं आहे. त्याला डोकं आणि दोन हात एवढंच कळतं, पण डोक्याची उंची कळणं ही मोठी गोष्ट आहे. समोरून भिंत येते, तिच्याखालून जायचं तर खरोखर खाली बसावं लागतं. मान झुकवून भागत नाही. २०१९ मध्ये पूर्ण स्वरूपात आलेला बीट सेबर हा ठेक्यावर ठोकळे कापायचा खेळ वरच्या पातळीवर चांगलाच दमवतो. मात्र आपल्या घरांत छताचा पंखा असतो, आणि उंच माणसानं हात वर करून उडी मारली की काय होईल ते सांगायला नको. पंखा बंद करून, त्याच्या बरोबर खाली उभं न राहता खेळा. सायकलवाल्यांसाठी झ्विफ्ट हा खेळ आहे. खरी सायकल ट्रेनरवर, म्हणजे ती जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, चढवायची. पडद्यावर चढ आला की पॅडल जड होतं. इथे वॅटमध्ये ताकदच मोजली जाते, त्यामुळे पळवाट जवळपास उरत नाही. खोटं बोलता येतं ते फक्त स्वतःच्या वजनाबद्दल.

इतकं सगळं बरोबर निवडलं, तरी एक अडचण उरते: उत्साह ओसरतो. २०१६ च्या जुलैमध्ये पोकेमॉन गो हा चालत फिरून पडद्यावरचे प्राणी पकडायचा फोनवरचा गेम आला तेव्हा जगभर लोक फोन हातात घेऊन रस्त्यावर उतरले. आपल्याकडे तो त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये अधिकृतपणे आला. अमेरिकेतल्या तरुणांवर झालेल्या एका अभ्यासात पहिल्या आठवड्यात रोजची सरासरी ९५५ पावलं वाढली. सहाव्या आठवड्यात ती वाढ पुसली गेली होती.

मुलांच्या बाबतीत यावर दोन अभ्यास शेजारी ठेवून पाहावेत असे आहेत. ह्यूस्टनमध्ये संशोधकांनी मुलांना वी दिला; काहींना हालचालीचे गेम, काहींना बसून खेळायचे. कसं खेळायचं याबद्दल काहीही सूचना नाहीत, घरी जसं होतं तसं होऊ द्यायचं. १२ आठवड्यांत दोन्ही गटांच्या एकूण हालचालीत फरकच पडला नाही. हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसरा २०१८ चा, लुइझियानाचा: वजन जास्त असलेली १० ते १२ वर्षांची मुलं, कायनेक्टवरचे गेम, पण सोबत ठरलेलं वेळापत्रक, खेळायला घरातलं किंवा मित्रांपैकी कुणीतरी, आणि व्हिडिओ कॉलवर नियमित बोलणारा मार्गदर्शक. २४ आठवड्यांनी या मुलांचं वयानुसार मोजलेलं वजनाचं माप उतरलं. माझ्या दृष्टीनं इथे कन्सोलपेक्षा माणसांनी जास्त काम केलं. नुसता कन्सोल आणून 'खेळ बाबा' म्हणणाऱ्या आईवडिलांनी हे लक्षात घ्यावं; रोज संध्याकाळी अर्धा तास स्वतः शेजारी उभं राहून खेळलात तर पैसे वसूल होतील.

किती खेळायचं? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम हवेत, आणि निदान दोन दिवस स्नायूंना ताकद लावायला लावणारा व्यायाम. ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं. खेळ मध्यम श्रमाचा झाला की नाही हे कळायला यंत्र लागत नाही: खेळताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतका दम लागला की समजावं तो मध्यम. गाणंही म्हणता येत असेल तर पातळी वाढवा. मुलांचे ६० मिनिटं सगळे टीव्हीसमोर घालवायचे नाहीत. मैदानावर पळताना अचानक वळणं, पडणं, भांडणं आणि पुन्हा खेळणं जे शिकवतं ते कुठलाही सेन्सर मोजत नाही.

दुखापतीही खऱ्या असतात. २००७ मध्ये एका डॉक्टरानं न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये स्वतःच्याच खांद्याची कहाणी कळवली होती: कित्येक तास वीवर टेनिस खेळला आणि रविवारी सकाळी उठल्यावर खांदा प्रचंड दुखायला लागला. खऱ्या टेनिसमध्ये चेंडू आणायला जावं लागतं, रॅकेट जड असते, दम लागून माणूस बसतो. पडद्यावर अशी सक्तीची विश्रांती नसते, म्हणून सुरुवातीला २० मिनिटांचा गजर लावून थांबा. खेळण्याआधी खांदे, मान, घोटे फिरवून घ्या. मोजे घालून लादीवर खेळू नका. अनवाणी किंवा बुटांत खेळा, आणि टीपॉय भिंतीला सरकवा. हृदयविकार, रक्तदाब, गुडघ्याची शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. वयस्कर माणसं तोलाचे खेळ खेळत असतील तर हात टेकायला पाठीची खुर्ची जवळ हवी, चाकांची नको.

विकत घेताना एक व्यवहाराची गोष्ट. स्विच आपल्याकडे बहुधा आयात करून विकणाऱ्या दुकानांतूनच मिळतो, तेव्हा वॉरंटी कोण देणार हे आधीच विचारा आणि पावतीवर लिहून घ्या. वी किंवा कायनेक्ट जुना मिळाला तरी चालतो, फक्त दुकानातच जोडून, उभं राहून खेळून पाहा. मग एकदा बसून खेळून पाहा. बसूनही तेवढेच गुण मिळत असतील तर दुसरा गेम दाखवायला सांगा.